बॅग ऑफ होल्डिंगमध्ये उघडी हत्यारं : तुमच्या टेबलावर काय नियम?

रंकाळाकाठ (रविवार, रात्री ११.४०)

नमस्कार मंडळी. राजारामपुरीत एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत दर रविवारी आमचं डी अँड डी चालतं, म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलावर बसून गोष्ट रंगवत खेळायचा खेळ. पाचवी आवृत्ती, २०१४ ची पुस्तकं, पाच खेळाडू, एक डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा). दोन वर्षं झाली. आजच्या सेशनला जे झालं ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून इथे लिहिते.

आमच्या पार्टीकडे, म्हणजे आमच्या पात्रांच्या गटाकडे, एक बॅग ऑफ होल्डिंग होती, बाहेरून लहान पण आत खूप मावणारी जादूची पिशवी. तीन सेशनपूर्वी आमच्या बार्बेरियनने (रांगड्या योद्ध्याचं पात्र) एका पडक्या शस्त्रागारातून ११ जॅव्हलिन (फेकायचे भाले) उचलल्या आणि तशाच उघड्या बॅगेत कोंबल्या. त्याच्या आधी मी, म्हणजे माझ्या रेंजर पात्राने, २० कॅलट्रॉप्स सुटे टाकले होते, कारण त्यांची पिशवी मी औषधी मुळ्या भरायला घेतली होती. कॅलट्रॉप्स म्हणजे लोखंडी सराटेच, कसेही पडले तरी एक काटा वर. आज कड्यावरून दोरीने उतरताना बॅग खडकावर आपटली. डीएमने पडद्यामागे फासा टाकला आणि म्हणाला, "आतून टोक रुतलं. बॅग फाटली."

बॅगेत नऊ हीलिंग पोशन्स होत्या, त्यांचं काही नाही. पण एका गावाच्या देवळातली चोरीला गेलेली घंटा होती. ती परत आणून देऊ असा शब्द आम्ही पाचजणांनी त्या गावाला दिला होता. तिच्यासाठी सहा सेशन खेळलो.

नियम मला माहीत आहे. बॅग जास्त भरली, भोसकली गेली किंवा फाटली तर ती नष्ट होते आणि आतलं सगळं ॲस्ट्रल प्लेनमध्ये, म्हणजे खेळातल्या एका वेगळ्याच जगात, विखुरतं. नियमाबद्दल तक्रार नाही, उलट मला तो आवडतो. एवढी मोठी सोय देणाऱ्या वस्तूला एक नाजूक जागा असायलाच हवी. पण ज्या एका गोष्टीने सगळं जाऊ शकतं ती गोष्ट टेबलावर आधी बोलली गेली पाहिजे, असं मला मनापासून वाटतं. तुम्ही काय करता? आतून भोसकणं धरता का? हत्याराला म्यान आहे असं गृहीत धरता, की खेळाडूने तोंडाने सांगावं लागतं?

वीस_बाजू (सोमवार, सकाळी ८.०५)

रंकाळाकाठ ताई, वाचून वाईट वाटलं. शब्द दिलेली वस्तू जाणं हे सोनं जाण्यापेक्षा जास्त लागतं.

आधी नियमाचं बघू. हा प्रश्न २०१४ च्या पुस्तकामुळे उभा राहिला आहे. १९७९ च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये बॅगेच्या वर्णनात कंसात स्वच्छ लिहिलं होतं की अणकुचीदार वस्तू आतून भोसको वा बाहेरून, बॅग गेली. २००३ च्या साडेतीन आवृत्तीतही तेच. त्या काळी सामान कायमचं जायचं, शोधायला जागाच नव्हती. २०१४ ला 'आतून किंवा बाहेरून' हे शब्द गेले आणि नुसतं 'भोसकली गेली' उरलं. पण त्याच वेळी हरवलेल्या सामानाला पत्ता मिळाला, ॲस्ट्रल प्लेन. म्हणजे तुमची घंटा कुठेतरी आहे.

त्यामुळे डीएमने नियमाबाहेर काही केलं असं मी म्हणणार नाही. आतून भोसकणं हे या बॅगेच्या स्वभावातच आहे. मात्र कोणती वस्तू, कशी ठेवली तर भोसकते हे एकाही आवृत्तीत लिहिलेलं नाही. ती जागा टेबलाने भरायची असते, आणि ती भरायची वेळ म्हणजे वस्तू आत जाते ती वेळ. बॅग आपटल्यावर ठरवायला घेतलं की ज्याचं नुकसान झालं त्याला ते लादल्यासारखंच वाटणार.

दुसरं, तुमच्याकडे पुढेमागे हँडी हॅवरसॅक (अशीच जादूची पाठपिशवी) आली तर जास्त जपा. तिच्या वर्णनात धारदार वस्तूचा उल्लेख सरळ आहे, आणि ती फाटली तर आतलं कायमचं जातं, फक्त आर्टिफॅक्ट (अतिशय दुर्मिळ, बलाढ्य जादूची वस्तू) असेल तर तो कुठेतरी पुन्हा उगवतो. बॅगेपेक्षा हॅवरसॅक कडक आहे. बरेच लोक उलटं समजतात, कारण हॅवरसॅकमध्ये हात घातला की हवी ती वस्तू वरच सापडते, त्यामुळे ती जास्त भरवशाची वाटते.

आणि जॅव्हलिनसाठी खरी जागा म्हणजे एफिशियंट क्विव्हर, जादूचा भाता. तीन कप्पे असतात. छोट्यात ६० बाण, मधल्यात १८ जॅव्हलिन, लांबट कप्प्यात धनुष्य किंवा भाल्यासारख्या सहा वस्तू. वजन कधीच दोन पौंडांच्या वर जात नाही. तिच्या वर्णनात फाटण्याचं कलमच नाही. टोकदार वस्तूंसाठीच बनवलेली आहे ती.

नवशिका (सोमवार, सकाळी ९.१२)

दोन शंका. मेंडिंग कँट्रिपने (फाटलेलं-तुटलेलं जोडणारी छोटी जादू) बॅग शिवता येईल का? आणि क्विव्हर बॅगेत ठेवली तर दोन्ही प्रश्न सुटतील ना?

वीस_बाजू (सोमवार, सकाळी ९.३०)

मेंडिंगने कापड जोडलं जाईल, चीर एक फुटापेक्षा मोठी नसेल तर. पण जादू परत येत नाही, हे त्या कँट्रिपमध्येच लिहिलंय. हातात एक साधी पिशवी उरेल.

क्विव्हर बॅगेत अजिबात नको. बॅग ऑफ होल्डिंग ही हॅवरसॅक, पोर्टेबल होल (घडी करून नेता येणारा जादूचा खड्डा) किंवा तशाच वस्तूच्या आतल्या जागेत गेली की दोन्ही तत्क्षणी नष्ट होतात आणि ॲस्ट्रल प्लेनचं दार उघडतं. दहा फुटांच्या आतला प्रत्येकजण ओढला जातो. ते दार एकाच दिशेचं असतं आणि लगेच मिटतं. क्विव्हर 'तशीच वस्तू' आहे का यावर वाद घालता येईल, क्विव्हर आत आणि बॅग बाहेर असेल तर नियम लागतो का यावरही घालता येईल, पण तो वाद बॅग हातात धरून घालू नये. बॅग कमरेला, क्विव्हर पाठीला.

फूटपट्टी (सोमवार, दुपारी १.२०)

मी इथे मापाचं बोलतो, कारण ताईंच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मापात आहे असं मला वाटतं.

बॅगेचं तोंड दोन फूट व्यासाचं, खोली चार फूट. क्षमता ५०० पौंड, म्हणजे सुमारे २२७ किलो. आपल्या भाषेत गुळाचे ३० किलोचे सात रवे आत आणि वर थोडी जागा. आकारमान ६४ घनफूट. आता दोन फूट व्यासाचं, चार फूट खोल नळकांडं धरलं तर त्याचं आकारमान जेमतेम साडेबारा घनफूट येतं. ६४ यायला चार फुटांचा चौकोनी ठोकळा लागतो. पुस्तकातली ही दोन मापं एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून आतला आकार कसा आहे हे प्रत्येक टेबलाने एकदा ठरवावं. याला मी चिकित्सकपणा म्हणत नाही, हत्यारं ठेवताना याने फरक पडतो.

आकार नळकांड्याचा असेल तर आत मावणारी सगळ्यात लांब सरळ वस्तू साधारण साडेचार फुटांची, तीही कर्णावर तिरकी. ठोकळा असेल तर सात फुटांच्या किंचित आत, पुन्हा तिरकीच. म्हणजे लांब दांड्याचं हत्यार आत गेलं तर ते आडवं पडत नाही. एक टोक खालच्या कोपऱ्यात, दुसरं वरच्या. पातं खाली असेल तर सगळा भार पात्याच्या टोकावर, आणि ते टोक नेमकं शिवणीच्या कोपऱ्यात. जॅव्हलिनचं हेच झालं असणार.

माझ्या टेबलावर नियम साधा आहे: चार फुटांपेक्षा लांब टोकदार वस्तू बॅगेत जात नाही. बाकीच्यांसाठी लाकडी पेटी. पण तिथेही माप बघा. पुस्तकातली चेस्ट १२ घनफुटांची आहे. ती दोन फुटी गोल तोंडातून आत जाणं कठीण, कारण दोन फूट रुंद, दोन फूट उंच पेटीचा कर्णच पावणेतीन फुटांच्या वर जातो. गोल तोंडातून जायचं तर पेटीची बाजू १.४ फूट हवी. साडेतीन फूट लांबीची अशी पेटी केली की जवळपास सात घनफूट जागा मिळते. सुऱ्या, हातकुऱ्हाडी, दोराचा आकडा, सगळं बसतं. पेटीचं वजन ५०० पौंडांत मोजायला विसरू नका.

तालमीतला (सोमवार, रात्री ९.५०)

ताई, मला नियमातलं लई कळत न्हाई, गेल्या वर्षापासनं खेळतोय. पर हत्यार कसं न्यायचं ते सांगू शकतो. आमच्या तालमीत मर्दानी खेळ हाय. शिवजयंतीच्या मिरवणुकीला पट्टं, फरी-गदकं, भालं, विटा (दोरी लावलेला भाला), समदं टेम्पोतनं न्यावं लागतंय. वस्ताद स्वतः हुभं राहून बांधून घेत्यात, पोरावर सोडत न्हाईत.

आदी पात्याला तेलाचा बोळा फिरवायचा. मग सुती कापड, सुकं, घट्ट. वरनं गोणपाट. दोरीचं तीन येढं, एक मुठीजवळ, एक मदी, एक टोकाला. आणि टोकावर नारळाच्या सोडणाचा तुकडा खोचायचा, काथ्यानं बांधायचा. सोडण दाबलं जातंय पर फुटत न्हाई. पट्ट्याचं पातं लवतंय, वाकडं ठेवलं की उसळतंय, म्हणून त्यो कायम एकटा आणि आडवा. भालं सगळी टोकं एकीकडं करून मोळी बांधायची. काही इकडं काही तिकडं अशी कधी न्हाई, काढणाऱ्याचा हात जातोय.

ह्यातलं काय खेळात आणता येत न्हाई? गोणपाट मिळतंय, दोरी हरेक पार्टीकडं हाय. म्या आमच्या डीएमला म्हटलं, माझा फायटर झोपायच्या आदी हत्यारं बांधतोय, त्यानं मान्य केलं. आता दर रात्री सांगावं बी लागत न्हाई. तेवढं एकदा सांगितलं की गडी आपला माणूस वाटतोय, नुसती आकडेमोड ऱ्हात न्हाई.

चपलेची_वेणी (मंगळवार, सकाळी ७.४०)

तालमीतला दादांनी मनातलं लिहिलं. आमच्या घरात तीन पिढ्या चपलांचं काम आहे, त्यामुळे चामडं आणि टोक यांचं नातं मी रोज बघते.

भोक धारेने पडतं असं लोकांना वाटतं. भोक वजनाने पडतं. बारावीत असताना वडिलांची आरी आणि रापी एका कापडी पिशवीत टाकून सायकलवरून निघाले होते. आरी म्हणजे शिवायच्या भोकासाठी असते ती बारीक टोकाची, रापी म्हणजे चामडं कापायचं रुंद पातं. वर तळव्याचे कापलेले तुकडे, चार-पाच किलो असतील. रापीची धार अशी की बोट लावलं की रक्त. महाद्वार रोडला पहिल्याच खड्ड्यात पिशवी आदळली आणि आरीचं टोक कापडातून बाहेर येऊन माझ्या पोटरीत गेलं. घरी येऊन पिशवी उलटून बघितली. आरीच्या जागी एक गोल भोक, चण्याच्या डाळीएवढं, कडेचे धागे बाहेर वळलेले. रापी जिथे होती तिथे कापडावर ओरखडासुद्धा नव्हता, कारण ती सपाट पडली होती.

म्हणून माझं म्हणणं, टेबलावर 'धारदार' असा एकच शब्द वापरू नका. धार वेगळी, टोक वेगळं. तलवार आडवी ठेवली तर ती बॅगेला फार काही करणार नाही. जॅव्हलिन, बाण, आरी, कॅलट्रॉप्स, आकडा, ही टोकं आहेत. त्यांच्यावर दुसरं वजन पडू द्यायचं नाही, एवढं सांभाळलं तरी बॅग टिकते. हंटिंग ट्रॅप कुणी बाळगत असेल तर तो सगळ्यात वाईट, २५ पौंडांचं लोखंड आणि कडेला दाते. तो वर बांधा, आत नको.

आणि बॅगेच्या तळाला जाड चामड्याची चकती घाला. बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं म्हशीचं कातडं असतं तसं. आमच्या पार्टीत एकजणीच्या पात्राकडे लेदरवर्कर्स टूल्सची प्रोफिशिएन्सी आहे, म्हणजे चामड्याच्या अवजारांचं कौशल्य. तिने मुक्कामाच्या रात्री चकती आणि सहा सुऱ्यांची घरं शिवली. दोन वर्षांत त्या प्रोफिशिएन्सीचा पहिल्यांदा उपयोग झाला, आणि त्या खेळाडूचा चेहरा मला अजून आठवतो.

फूटपट्टी (मंगळवार, सकाळी ८.१५)

धार वेगळी, टोक वेगळं. हे मला सुचलं नव्हतं. माझा चार फुटांचा नियम यापुढे टोकांनाच लावेन, तलवारीला उगाच लावत होतो.

नवशिका (मंगळवार, सकाळी ८.४०)

बॅग उलटी केली तर सगळं बाहेर पडतं ना? मग हात घालायलाच नको.

वीस_बाजू (मंगळवार, सकाळी ९.००)

आतली बाजू बाहेर काढून उलटली की सगळं बाहेर सांडतं, आणि सामानाला इजा होत नाही. सामानाला, तुम्हाला नाही. ११ जॅव्हलिन पायावर पडल्या तर त्याबद्दल नियम गप्प आहे. शिवाय बॅग पुन्हा सुलटी केल्याशिवाय वापरता येत नाही. घाईत असाल तरच करा, आणि जमिनीवर जाड घोंगडी अंथरून.

हात घालून एक वस्तू काढायला एक ॲक्शन, म्हणजे आपल्या पाळीतली मुख्य कृती, लागते. हवी ती वस्तू वर येईल असं वचन हॅवरसॅक देते, बॅग देत नाही. सुटे कॅलट्रॉप्स असतील तर मी त्यांचाच नियम उसना घेतो, डेक्स्टेरिटी सेव्ह १५ (चपळाईने वाचायला फासा टाकायचा, १५ तरी यायला हवेत), चुकलं तर एक पिअर्सिंग, म्हणजे टोचल्याची एक पॉइंट इजा. एक पॉइंट काहीच नाही, पण दोनदा टोचलं की खेळाडू स्वतःहून पिशवी शोधतात.

पडद्यामागचा (मंगळवार, रात्री १०.३०)

मी तो डीएम. धागा कालपासून वाचतोय, लिहू की नको करत होतो.

रंकाळाकाठ, जॅव्हलिन आत टाकल्या त्या सेशनची माझी वही काढली. मी दोनदा विचारलं होतं, "ह्या कशा ठेवताय?" पहिल्यांदा कुणी ऐकलं नाही. दुसऱ्यांदा भेळ आली आणि सगळे उठलात. मी वहीत लिहिलं, 'उघड्या, सुटे सराटे खाली', आणि पुढे गेलो. चूक तिथे झाली. उत्तर मिळेपर्यंत मी थांबायला हवं होतं, किंवा निदान सांगायला हवं होतं की हे मी लिहून ठेवलंय आणि याचं पुढे काहीतरी होऊ शकतं. तुमचं कॅरेक्टर त्या जगात राहतं, बॅग फाटू शकते हे तिला माहीत असणार. ते तिच्या वतीने तुम्हाला सांगणं माझं काम होतं.

फासा कसा टाकला तेही सांगतो. मनात ठरवलं होतं, बॅग जोरात आपटली तर २० बाजूंचा फासा, एक आला तरच फाटेल. एक आला. पण ही शक्यता मी कुणाला सांगितली नव्हती, आणि फासा पडद्यामागे होता. त्यामुळे तो खरा असूनही तुम्हाला तो खरा वाटायला काही कारण नव्हतं.

झालेलं मी फिरवणार नाही. फिरवलं तर ती सहा सेशनही खोटी होतील. पण घंटा ॲस्ट्रल प्लेनमध्ये आहे आणि मला ती कुठे आहे ते माहीत आहे. तुम्ही सहाव्या लेव्हलला आहात. प्लेन शिफ्ट, म्हणजे दुसऱ्या जगात नेणारी जादू, सातव्या लेव्हलचा स्पेल. स्पेलची लेव्हल वेगळी मोजतात, तो तुमच्या हातात यायला पात्राची तेरावी लेव्हल लागेल. त्याआधी असा कुणी मोठा विझर्ड शोधावा लागेल ज्याला तुमचं काही काम असेल. तो आहे. एवढंच आज सांगतो.

चपलेची_वेणी (मंगळवार, रात्री १०.५५)

पडद्यामागचा, एवढं सरळ लिहिलंत, फार बरं वाटलं.

रंकाळाकाठ (बुधवार, सकाळी ६.५०)

रात्री वाचलं, आत्ता उत्तर देते. तू दोनदा विचारलंस हे मला आठवत नव्हतं. आठवलं असतं तर धागा वेगळा लिहिला असता, म्हणून तुझी माफी मागते. सुटे सराटे तर माझेच होते. बार्बेरियनच्या जॅव्हलिनवर सगळं ढकलत होते, पण खाली काटे मीच पसरले होते आणि त्यांची पिशवी मुळ्यांसाठी मीच काढून घेतली होती.

आज रात्री पाचही जणांशी फोनवर बोलते.

रंकाळाकाठ (सोमवार, रात्री १२.१०)

कालचं सेशन झालं. खेळ सुरू व्हायच्या आधी अर्धा तास फक्त यावर बोललो. आतला आकार ठोकळ्याचा धरायचा, चार फुटी. वस्तू आत जाताना टाकणाऱ्याने 'झाकलं' किंवा 'उघडं' म्हणायचं, आणि कुणी काहीच बोललं नाही तर डीएमने खेळ थांबवायचा, भेळ आली असली तरी. उघड्या वस्तूपुढे शीटवर पेन्सिलने एक टिंब. बॅग आपटली आणि टिंब असेल तरच फासा, तोही टेबलावर, सगळ्यांसमोर. तलवारीला टिंब नाही, टोकांनाच. बार्बेरियनने विचारलं की सोडण कुठे मिळेल, तर डीएमने किनाऱ्यावरचं एक गाव नकाशावर दाखवलं, जे याआधी तिथे नव्हतं.

सध्या टिंबं काढायला बॅगच नाही, पण शीटवर रकाना आखून ठेवलाय.

पुढच्या रविवारी आम्ही त्या गावात परत जातोय, घंटेशिवाय. देवळासमोर जमलेल्या लोकांना काय सांगायचं ते मी आणि बार्बेरियन मिळून लिहून आणणार आहोत. त्याने स्वतःहून मागून घेतलं.

तालमीतला (सोमवार, सकाळी ७.१५)

ताई, तिथं काय झालं ते लिवा. आणि सोडण कसं बांधायचं त्याचा फोटो आज सांजच्याला टाकतो, वस्तादास्नी इचारून.